कॅप्टन सबनीसांच्या पूर्वसूचना

कोलशेतच्या आमच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडणार, हे ती बंद पडण्यापूर्वी कॅप्टन सबनीसांना कळत असे. हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून ते उभे असत. नववा मजला ओलांडता ओलांडता शांतपणे म्हणत, "आता थांबेल. अपेक्षित आहे." आणि लिफ्ट थांबे. दिवे जात. अंधारातून पुन्हा तोच स्वर, "चार मिनिटं. सगळ्यांनी शांत बसून राहावं." लिफ्टमध्ये बसायला जागा नसते, हे त्यांना सांगण्याचे धैर्य कुणालाच होत नसे.

तीस वर्षे त्यांनी प्रवासी विमाने चालवली. निवृत्तीनंतर एकटेच राहत. मुले त्यांना भीत. मोठी माणसे तसे कबूल करत नसत. मी सोसायटीचा सचिव. 'लिफ्टमध्ये पूर्वसूचना देऊ नयेत' हा फलक माझ्याच अक्षरातला. शिवाय ते लिफ्टपाशी दिसले, की किल्ली विसरल्याचे सोंग करून मी मागे फिरे. त्यांच्याबरोबर निमूट वर-खाली करणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी वंदना.

लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून आम्ही उदयपूरला निघालो. वंदनाला विमानाची विलक्षण भीती. मागे एकदा ती विमानतळाच्या दारातून परत फिरली होती आणि मी चार दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. ते चार दिवस मला अजून टोचतात. या वेळी ती विमानात चढली खरी. पण दार लागताच उभी राहिली. "अहो, मला उतरायचंय."

तेवढ्यात मागच्या रांगेतून ओळखीचा स्वर आला. "वहिनी, बसा. आता पायाखालून घरघर येईल. अपेक्षित आहे."

घरघर आली. मी वळून पाहिले. मागे कॅप्टन सबनीस डोळे मिटून बसले होते.

वंदना बसली.

"आता चाकं आत जातील." खाली धप्पकन आवाज झाला. खिडक्या ढगांनी राखाडी झाल्या. "आता पडल्यासारखं वाटेल." आणि आम्ही पडलो. आसपासच्या रांगा चिडीचूप झाल्या. कॅप्टनच्या शेजारचा तरुण काकुळतीला आला. "काका, प्लीज, बोलू नका ना. तुम्ही बोलता तेच होतंय."

"बोलू दे त्यांना," वंदना म्हणाली. "आधी कळलं की मला भीती नाही वाटत."

पंचवीस वर्षांत मी तिला हे विचारलेच नव्हते.

उदयपूरला आमच्या बॅगांची वाट पाहताना मी म्हणालो, "कॅप्टन, तुमचं सामान?"

"नाही आणलं. याच विमानानं परत जायचंय."

"मग इथं काही काम होतं?"

"झालं."

वंदना हळूच मला म्हणाली, "लिफ्टमध्ये मी त्यांना सांगितलं होतं, भीती वाटते म्हणून. या, असं नव्हतं हो म्हटलं."

कॅप्टन जरा घुटमळले. "परतीचं कधी आहे, वहिनी?"

"गुरुवारी."

"गुरुवारी मला काही काम नाही," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "शुक्रवारीही नसतं."

'राहा इथंच' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. पण सहल आमच्या दोघांची, असे मनाशी म्हणून मी नुसता नमस्कार केला.