बंबाला कान लावणारे दाजी

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाकडे गेलं की लोक आधी माणसांची विचारपूस करतात. दाजी परब आधी बंबाची करत. बोटाच्या पेराने बंबावर टकटक करायचे, कान लावायचे आणि वैद्यासारखं तोंड करून सांगायचे, "गाळ आसा."

दाजी गिरणीत बॉयलरवर होते. आंघोळीचं पाणी तापवणारा आमचा पत्र्याचा बंब म्हणजे त्यांच्या लेखी बॉयलरचंच धाकटं भावंड. दर रविवारी न बोलावता येत, तोटी सोडून तळाचा गाळ काढत आणि जाताना बजावत, "भरूचो तर काठोकाठ, नायतर सुको ठेवचो. अर्धो ठेवलो की गंज इलोच!" त्यांच्याकडे मात्र बंब नव्हता. घरच नव्हतं म्हणा. बायकोमुलं गावी, आणि हे आठ जणांच्या खोलीत एका वळकटीचे धनी. आंघोळ नळावर, थंड पाण्याने.

माझी बायको बाळंतपणासाठी इस्पितळात गेली, आई तिच्यासोबत. मी दिवसभर बाहेर, खोलीला कुलूप, त्यामुळे दाजींचा रविवारही चुकला. दहा दिवस बंब अर्धाच राहिला. बाळ घरी यायच्या सकाळी तोटी उघडली, तर तांबडंलाल पाणी!

नेमका त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. सगळी दुकानं बंद, बंब दुरुस्त करणारा कुठून मिळणार? दाजी मोर्चाला निघाले होते, त्यांना जिन्यातच गाठलं.

"अर्धो ठेवलंस? शिकलेलो माणूस तू!" म्हणत त्यांनी सदरा उतरवला. काठीला काथ्या बांधून बंब आतून घासला, सोड्याच्या पाण्याने चारदा विसळला. दोन बादल्या गढूळ पाणी निघालं. खालून घोषणा देत मोर्चा निघून गेला. दाजींनी मानही वर केली नाही.

दुपारी आई बाळाला पायांवर घेऊन मोरीत बसली. दाजी दाराबाहेरच घुटमळत होते.

"पाणी नितळ आसा मां?"

"आहे हो," मी म्हटलं. "पण तुम्ही अजून इथेच?"

"माजी तिगां पोरां गावाक झाली. मी हय बॉयलरार. एकाची पण पयली आंघोळ बघूक गावली नाय."

आईने त्यांना आत बोलावून तांब्या त्यांच्या हातात दिला. दाजींनी धार इतकी बारीक धरली की आई हसून म्हणाली, "अहो, आज संपायची ना आंघोळ?"

"संपात गे," दाजी म्हणाले आणि धार आणखी बारीक केली.