नाक्यावर वाढलेला शिवाप्पा

शिवाप्पाच्या दुकानात मीठ घ्यायला गेलं, तरी आधी झडती द्यावी लागे. "कुठून आला? कुठं चालला? पिशवीत काय हाय?" मी तर समोरच्याच घरातून यायची, पण मलाही तेच. उत्तरं दिली की मीठ मिळे आणि वर न बघताच हुकूम सुटे, "जावा." अणदुरात नवा आलेला पाहुणा भडकायचा. आम्ही मात्र मुकाट्यानं सांगून मोकळं व्हायचो.

त्याचा तरी काय दोष? निजामाचा मुलूख संपून इंग्रजांचा सुरू व्हायचा, तिथं उघड्या माळावर करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका होता. शिवाप्पाचा बाप तिथला शिपाई. आई बाळंतपणातच गेलेली. आसपास घर नाही, दुसरं पोर नाही. गाड्या यायच्या, झडती द्यायच्या आणि निघून जायच्या. पोरगं पाच वर्षांचं झाल्यावर बोललं, आणि जे कानावर पडलं होतं तेवढंच बोललं.

एकदा म्हणे गाडीतल्या मुलांनी त्याच्याकडं चेंडू टाकला. तो परत टाकायचा असतो हे त्याला कोण सांगणार? त्यानं चेंडू उचलला, "जप्त!" म्हणाला आणि बापाच्या पेटीत नेऊन ठेवला.

तो बारा वर्षांचा असताना बाप वारला, तेव्हा मामानं त्याला अणदूरला आणून आपल्या दुकानात बसवलं, पण नाका काही अंगातून गेला नाही. खंडोबाच्या पुजाऱ्याचं नैवेद्याचं ताटसुद्धा त्यानं फडकं उचलून तपासलं होतं.

मुलगी बघायला नेला तेव्हा तर कहरच. फक्त नाव विचार, असं मामानं वाटभर पढवलेलं. नागम्मा पानसुपारीचं तबक घेऊन आली.

"कुठून आला?" शिवाप्पानं विचारलं.

"सैपाकघरातून."

"कुठं चालला?"

"परत तिकडंच."

"तबकात काय?"

"उघडून बघा की."

त्यानं खरंच बघितलं. बैठक हसून लोळली, मामानं कपाळाला हात लावला. नागम्मानं मात्र आत जाऊन आईला होकार सांगितला. मला ती बाई तेव्हापासून आवडते.

त्यांना गौरी झाली. अडीच वर्षांची झाली तरी ती तोंडातून शब्द काढीना. कोपऱ्यात एकटीच बसायची. "बोलंल की," नागम्मा म्हणायची. शिवाप्पा पार धास्तावला. रोज सकाळी आमच्या दारात उभा. "वैनी, सुमीला धाडा." माझी सुमी चार वर्षांची आणि तोंडाळ. रस्त्यावरची पोरंही तो अडवायचा, रीतसर चौकशी करायचा आणि मूठभर फुटाणे देऊन दुकानामागच्या घरात गौरीकडं पिटाळायचा. गिऱ्हाईक ताटकळत असे आणि हा आतल्या दाराला कान लावून उभा. मग मला सांगायचा, "आज बी न्हाय."

एका दुपारी सुमी रडत घरी आली. मनगटावर दातांचे ठसे. मी तिला ओढतच दुकानात नेलं.

"शिवाप्पा, तुमच्या पोरीनं काय केलंय बघा!"

त्यानं हात नीट बघितला. "गौरीनं चावलं?"

"मग मी चावले का?"

"कशापायी?"

"माझे चिंचोके घेतले तिनं," सुमी हुंदके देत म्हणाली. "मी मागितले, तर 'माझं हाय' म्हणून ओरडली."

"कोण ओरडली?"

"गौरी."

शिवाप्पा गुळाची ढेप फोडायला लागला. सुमीच्या दोन्ही हातांत गूळ, माझ्या हातात गूळ, दारातल्या गिऱ्हाइकालाही गूळ. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"भांडली, वैनी! माझी लेक भांडली!"

माझा राग कुठल्या कुठं गेला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही रडू येत होतं.

"मी बारा वर्साचा होईस्तवर," तो म्हणाला, "मला भांडायला बी कुणी न्हवतं."