राहण्यास अयोग्य

या तपासणीची पोस्टमनने तीन वर्षं वाट पाहिली होती. भाड्याचं घर 'राहण्यास अयोग्य' ठरलं, की नव्या सरकारी वसाहतीत नंबर लागणार होता. छत पाच ठिकाणी गळायचं, भिंती ओल्या, आणि त्या ओलीने मुलगी वर्षभर खोकत होती. शहरातल्या लोकांनी सुट्टीपुरती घरं घेऊन ठेवल्यापासून गावात परवडणारं दुसरं काही उरलंच नव्हतं. "कशालाही हात लावू नकोस," असं बायकोला बजावून तो टपाल वाटायला गेला.

पण परका माणूस घरी येणार आणि घर असं? बायकोला राहवेना. तिने आधी नुसता केर काढला. मग भिंतीवरची ओल जास्तच डोळ्यांत भरू लागली, म्हणून तिच्यापुढे कपाट सरकवलं. कपाटाच्या जागची बुरशी उघडी पडली, म्हणून तिथे रंगाचा हात फिरवला. त्यापुढे बाकीच्या भिंती कळकट दिसायला लागल्या, तेव्हा त्याही रंगवल्या. पडदे शेजारणीने दिले.

दुपारी तपासनिसाला घेऊन आलेला पोस्टमन आपल्याच दारात थबकला.

"हे काय करून ठेवलंस?" तो दातओठ खात कुजबुजला.

"अब्रू नको का माणसाला?"

"साहेब, छत फार गळतं हो," पोस्टमन म्हणाला.

तपासनिसाने वर पाहिलं. "आता तर गळत नाहीये."

"आता पाऊस कुठेय?"

"मला आजची स्थिती लिहायची असते."

पोस्टमनने मुलीला पुढे केलं. "खोकून दाखव गं."

"पाहुण्यांसमोर खोकायचं नाही, आई म्हणालीय."

तपासनीस खुर्चीत टेकला. "दोन महिने झाले बदली होऊन. ऑफिसातच सतरंजीवर झोपतोय," तो म्हणाला. "घरमालक कुठे राहतात तुमचे?"

मालकाची आता खरडपट्टी निघणार, या आनंदात पोस्टमन स्वतः तपासनिसाला तिथवर सोडून आला. इकडे मुलगी पोटभर खोकून घेत होती.

आठवड्याने पोस्टमनच्या थैलीत त्याच्याच नावाची दोन पत्रं निघाली. पत्ता बरोबर होता, तेव्हा पोचवणं भाग होतं. पहिल्यात अर्ज फेटाळला होता: घर राहण्यास उत्तम. दुसरं मालकाचं: महिनाअखेर जागा खाली करा, तपासनीस साहेबांना दिली आहे.

त्याने दोन्ही बायकोला वाचून दाखवली. आता जायचं कुठे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"ते कधी येणार राहायला?" तिने विचारलं.

"एक तारखेला."

तिने डोळे पुसले आणि पदर खोचला.

"मग स्वयंपाकघर रंगवायचं राहिलंय," ती म्हणाली.