एका शिंकेत चार टेम्पो

जावईबापूंनी चांगल्या पगाराची नोकरी सोडून जे काही शोधून काढलं होतं, ते आज सासऱ्यांना दाखवायचं होतं. सासऱ्यांचा बर्फाचा कारखाना. बर्फाचे चार टेम्पो रोज एकामागोमाग बाजाराकडे निघत. प्रत्येकात एक जुना स्मार्टफोन बसवला, की ते फोन आपापसांत बोलणार. एक गाडी आदळली किंवा गचकन थांबली, की बाकीच्यांना लगेच धोक्याचा लाल इशारा. महागडी यंत्रं नकोत, काही नको. सासऱ्यांना पटलं तर धंदा उभा राहणार होता. नाही पटलं तर उद्यापासून नोकरी शोधायची, असं बायकोने निक्षून सांगितलं होतं.

टेम्पोंच्या पुढे जावयाची स्वतःची गाडी होती, तीत सासरे जावयासोबत बसले. या गाडीसाठी त्यांच्या हाती दिलेला तसाच फोन त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. स्क्रीन लाल झाला, की थांबायचं आणि तो पुन्हा हिरवा होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, असा सज्जड दम जावईबापूंनी चालकांना भरला आणि स्वारी निघाली.

पहिल्या चौकापर्यंत सगळं झकास चाललं. मग सासऱ्यांना शिंक आली. त्यांची शिंक म्हणजे घरातली भांडी वाजायची. गाडी कशावर तरी आदळली, असं खिशातल्या फोनला वाटलं आणि मागचे चारही टेम्पो कचकन थांबले. ती खबर उलट पुढे आली, म्हणून पुढची गाडीही थांबली. आता गाडी उभी म्हणून टेम्पो लाल आणि टेम्पो उभे म्हणून गाडी लाल.

जावईबापूंनी धावपळ करून सगळे फोन बंद करून पुन्हा चालू केले. हिरवा रंग उमटतो न उमटतो तोच दुसरी शिंक आली, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट, टेम्पोंखाली पाण्याचे ओघळ. त्यांनी हात जोडून चालकांना निघायला सांगितलं.

"स्क्रीन लाल आहे, साहेब," पहिला टेम्पोवाला शांतपणे म्हणाला.

जावईबापूंना रडू यायचंच बाकी होतं. "बाबा, चुकलं माझं. काढून टाकतो सगळे फोन."

सासरे खाली उतरले आणि रांगेत निमूट उभ्या टेम्पोंकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"काढताय कशाला? मी घसा फोडून ओरडलो, तरी यांतला एकही कधी थांबला नाही. कायमचे बसवा."

"पण बर्फ वितळतोय, बाबा."

"वितळू दे." खिशातला फोन जागेवर आहे ना, हे त्यांनी चाचपून पाहिलं. "समोरच्या दुकानात जरा मिरपूड मिळते का बघा."