भाऊंना न आठवलेला हात

भाऊ आंबेरकर माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत. कोपराच्या खोबणीवरून ओळखतात.

ज्या बाईकडून त्यांनी वीस वर्षं मासे घेतले, ती एकदा एसटी स्टँडवर भेटली. "काय भाऊ, बरे हाव ना?" म्हणाली. भाऊंनी विचारलं, "आपण कोण?" बाई भडकली. "वीस वर्सं माजी सुरमई खाताव नि कोण म्हनून इचारताव?" बोलता बोलता तिने हात नाचवले, बांगड्या मागे सरकल्या आणि भाऊंचा चेहरा एकदम उजळला. "अगो, तू होय! डाव्या हाताची शीर आत वळलेली. थायरॉईडला आलीवतीस मागे." शेजारी मी उभा होतो. अशा वेळी मी गाड्यांच्या पाट्या वाचायला लागायचो.

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. माझ्या सासऱ्यांचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. लोकांना वाटलं, केवढी आपुलकी! भाऊंचा अंगठा मात्र कोपरापाशी पोचला होता. "झकास शीर," ते मला म्हणाले, "मुलीने ही घेतली असेल तर काही काळजी नाही." सासरे अजून विचारतात, ते गृहस्थ नक्की कोण होते?

तर ते गृहस्थ रत्नागिरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करत आणि मी त्यांच्या हाताखाली शिकलो. मी लागलो तेव्हा लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे आमच्या मॅडमनी, माझं प्रमाणपत्र बघून मला भाऊंकडे पाठवलं. भाऊंनी ते चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि परत देत म्हणाले, "सगळं आहे ह्यात. शीर कुठे आहे?"

पहिला महिनाभर त्यांनी मला सुईला हात लावू दिला नाही. डोळे मिटून लोकांचे हात चाचपायला लावले. "डोळे फसवतात रे दिन्या. निळं दिसतं ते सगळं घ्यायचं नसतं." सुतळीसारखं ताठ लागतं ते स्नायूचं टोक, त्याच्या वाटेला जायचं नाही. ठोके लागतात ती धमनी, तिला नमस्कार करायचा. आणि शीर? "काप्या फणसाचा गरा दाबून बघितलायस? दाबला की दबतो, सोडला की वर येतो. तशी." त्या मोसमात मी फणस खाल्ला नाही.

मग नळ्या. निळी, पिवळी, हिरवी, जांभळी, राखाडी. भरायच्या त्याच क्रमाने, कारण एका नळीतलं औषध दुसरीत गेलं तर रिपोर्ट खोटा येतो. हे कारण मला एकदा सांगून पुरलं असतं. पण भाऊ रोज चहाच्या आधी म्हणून घेत. अडखळलो की चहा परत जायचा. शेवटी चहावाल्यालाच पाठ झालं. तो दारातूनच "निळी, पिवळी, हिरवी" करत यायचा आणि भाऊ मला म्हणायचे, "बघ, ह्याला येतं!"

पहिल्यांदा नळी भरली तेव्हा मी ती खोकल्याच्या औषधासारखी खळखळून हलवली. भाऊ पाच-सहा पेशंटांच्या देखत ओरडले, "पाळणा रे मेल्या, पाळणा! आठ झोके. रक्त फुटतं तुझ्या दणक्याने." दंडाची पट्टी एका मिनिटापेक्षा जास्त बांधली की ते मोठ्याने आकडे मोजायला लागत. साठाच्या पुढे त्यांचा आवाज चढत जाई आणि पेशंटला वाटे, आपलं काहीतरी फुटणार आहे. दोनदा टोचून शीर नाही मिळाली तर तिसऱ्यांदा टोचायचं नाही, दुसऱ्याला बोलवायचं. "तुझी जिद्द तुझ्या घरी. हात त्याचा आहे." आणि 'दुखणार नाही' म्हणायची सक्त मनाई. "खोटं बोलू नको. टोचेल म्हण. टोचतंच."

पण खरा जीव खाल्ला तो नावाने. समोर बसलेल्या माणसाला त्याचं नाव आपण सांगायचं नाही, त्याच्याकडून वदवून घ्यायचं. 'तुम्हीच का पांडुरंग?' विचारलं की आमच्याकडचा म्हातारा, नाव काहीही असलं तरी, भिडेखातर 'हो' म्हणतो, असा भाऊंचा सिद्धांत. मॅडमची आई दर महिन्याला यायची. दर महिन्याला भाऊ विचारायचे, "नाव?" ती म्हणायची, "अरे, तुला लागीर झालंय का? मुंजीच्या वयाचा होतास तेव्हापासून ओळखते." "ते खरं. नाव?" एकदा त्यांनी स्वतःच्या बायकोलाही विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नाव नाही, कर्म आहे. लिहा." रक्त मात्र नाव सांगितल्यावरच घेतलं.

नाव ऐकलं की रक्त घ्यायचं आणि पेशंट उठायच्या आत, त्याच्या शेजारीच नळीवर चिठ्ठी लावायची. आधी नाही, नंतर नाही. त्यासाठी त्यांच्या गळ्यात दोऱ्याने पेन लटकलेलं असायचं. मला हे सगळं थोतांड वाटायचं. चार नळ्या घेऊन टेबलावर गेलो आणि एकदम चिठ्ठ्या लावल्या तर काय बिघडतं? माझी काय आठवण गेली आहे?

हे मी इतकं रंगवून सांगतो आहे, कारण पुढचं सांगायचं टाळतो आहे.

सहा वर्षांपूर्वी संगमेश्वरच्या बाजूला एका गावात आमचं रक्ततपासणीचं शिबिर होतं. शाळेच्या वर्गात दोन टेबलं, एकावर भाऊ, एकावर मी. अख्ख्या वाडीचं आडनाव मांडवकर. मॅडम आल्या नव्हत्या. दुपार झाली, बाहेर वडे तळल्याचा वास सुटला होता, रांग संपत नव्हती आणि भाऊ आपले प्रत्येकाला नाव विचारत बसले होते. माझ्यासमोर एक सुमती मांडवकर बसली. तिच्यामागोमाग दुसरी सुमती मांडवकर. एकीचा नवरा तुकाराम, दुसरीचा गंगाराम. दोघींचं रक्त घेतलं, नळ्या शर्टाच्या खिशात टाकल्या, जेवायला गेलो आणि जेवून आल्यावर चिठ्ठ्या लावल्या. आठवणीवर विसंबून.

तुकारामच्या सुमतीला साखर भरपूर निघाली. गावच्या डॉक्टरने गोळ्या सुरू केल्या, तिने भात सोडला आणि लावणीच्या दिवसांत एका सकाळी साखर पार उतरून ती चिखलात आडवी झाली. रत्नागिरीला आणली तेव्हा बोलत नव्हती. वाचली, दोन दिवसांनी उठून बसली. मॅडमनी तिची मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर काढून बघितली, तर अगदी स्वच्छ. शिबिरातला रिपोर्ट तिचा नव्हताच.

मॅडमनी आम्हा दोघांना तिच्या खाटेपाशी उभं केलं. नळ्या केव्हाच फेकल्या गेल्या होत्या, आणि वहीत सगळी नावं संध्याकाळी भाऊंनीच उतरवली होती.

"हिचं रक्त कोणी घेतलं?"

बाईला विचारलं तर ती म्हणाली, "म्या डोले गच्च मिटलेवते. सुई कोन बगतंय?"

भाऊ माझ्याकडे वळले. "दिन्या, तुझ्याकडे होत्या काय रे ह्या?"

मी म्हणालो, "नाही. माझ्याकडे नव्हत्या."

मग भाऊंनी डोळे मिटले आणि त्या बाईचा कोपर चाचपायला सुरुवात केली. एक हात झाला, दुसरा झाला, परत पहिला. कोणी मोजलं असतं तर साठाच्या कितीतरी पुढे गेलं असतं. मला माहीत होतं, त्यांना काही सापडणार नाही. ज्या हाताला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं तो आठवणार कुठून?

त्यांनी डोळे उघडले. "हा हात मला आठवत नाही," ते म्हणाले.

आता ते माझ्याकडे बघतील, असं मला वाटलं. त्यांनी बघितलं ते स्वतःच्या बोटांकडे.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी आठवण गेली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी, गळ्यातलं पेन आणि ॲप्रन मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडमनी पुष्कळ समजावलं. भाऊ ऐकेनात. "हात आठवेना झाला म्हणजे थांबायचं," एवढंच म्हणत राहिले. त्यांच्या जागी मला बसवलं. तिथे मी अजून बसतो. वर्षभरात वहिनी गेल्या. मी भेटायला गेलो, दहा मिनिटं बसलो, पाऊसपाण्याचं बोललो आणि परत आलो. त्यानंतर भाऊ रस्त्यात समोरून दिसले की मला पलीकडच्या दुकानात काम निघायचं.

आणि इतक्या वर्षांत एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. चिठ्ठ्या बदलल्या म्हणजे त्यात दोन बायका अडकल्या होत्या. साखर कोणाची तरी होतीच. दुसरीला कळवा म्हणून मॅडमनी तेव्हा सरपंचांना फोन केला होता. मी धरून चाललो की झालं काय ते.

गेल्या महिन्यात त्याच गावात परत शिबिर लागलं. रांगेत एक म्हातारी समोर बसली. नाव विचारलं. हल्ली मी विचारतो.

"सुमती गंगाराम मांडवकर."

माझी पट्टी हातातच राहिली. मी विचारलं, "साखर आहे ना तुम्हाला?"

"हाय तर. पन ताब्यात हाय आता. तुमच्यातलाच एक म्हातारा येतो नाय काय सोमवारचा. रत्नागिरीसून, सकालच्या गाडीनं."

"कोण म्हातारा?"

"आंबेरकर म्हनून. मशीन आनतो, बोटाला टोचतो, वहीत लिवतो. म्या म्हटलं एकदा, घेतोसच तर हातातला घे की रक्त. तर म्हनतो, नाय, माजी बोटा गेली. डोस्क्यानं जरासा हलकाच हाय. दर येली माजा नाव इचारतो! पन मानूस बरा." मग ती थोडी पुढे वाकली. "पयल्यांदा आला तवा दारात हात जोडून हुबा. म्हनतो, बाय, तुमचा कागद माज्या हातून चुकला. म्या जाम शिव्या घातल्या. मंग म्हटलं, आलाव तर जेवून जा. तवापास्नं जेवून जातो."

"सहा वर्षं?"

"पावसात दरड आली तवा एक सोमवार चुकला. तर मंगलवारचा हजर."

त्या संध्याकाळी मी भाऊंच्या घरी गेलो. रविवार होता. भाऊ ओटीवर बसून वहीत रेघा आखत होते. मी उभ्या उभ्याच बोललो, बसलो असतो तर पाऊसपाण्यावर गेलो असतो. दोन्ही सुमत्या माझ्या टेबलावर होत्या. नळ्या माझ्या खिशात होत्या. खाटेपाशी मी खोटं बोललो. तुमची आठवण गेली नव्हती भाऊ, तो हात तुम्ही कधी धरलाच नव्हता.

त्यांनी रेघा आखायची पट्टी खाली ठेवली. मला वाटलं, आता ओरडतील. देवाशप्पथ, मला ते हवं होतं.

"खिशात?" ते म्हणाले.

"हो."

"शर्टाच्या?"

"हो भाऊ."

"म्हणजे वर गरम पण झालं असणार ते रक्त." त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ ते उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या हाताच्या अंगठ्याने चोळत राहिले. कुठेतरी हरवलेली वस्तू परत मिळाल्यावर ती आपलीच आहे ना, हे माणूस बघतो तसे.

मी म्हणालो, "उद्या मी मॅडमना सांगतो. तुम्ही परत या. आणि त्या गावाला तुम्ही कशाला खेपा घालायच्या? चूक माझी. सोमवारी मी जात जाईन."

भाऊ एकदम ताठ झाले. ओरडले ते आत्ता.

"मॅडमना सांग. गावभर सांग. सोमवारचं नाव काढू नको!"

"अहो पण भाऊ..."

"आणि हे बघ," ते आवाज खाली आणत म्हणाले. ओटीवर आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं, तरी त्यांनी एकदा आत बघून घेतलं. "त्या सुमतीबाईला ह्यातलं काही सांगू नको हां दिन्या. चूक माझी नव्हती असं कळलं, तर ती म्हणेल, मग तुम्ही येता कशाला?"