अकरा किंचाळ्या आणि सासूबाई

“गुरुवारी या खुर्चीत जो कोणी बसेल, तो उडून छताला चिकटला नाही, तर माझ्या अकराच्या अकरा किंचाळ्या मी स्वतःच्या हाताने पुसून टाकीन!”

सोमवारच्या मीटिंगमध्ये दणक्याने असं छातीठोकपणे सांगितलं आणि टेबलावर मूठ आपटली. मॅडमच्या कपातला निम्मा चहा बशीत आला. ऑफिसात त्याला दणका का म्हणतात, हे नव्या माणसालाही पाच मिनिटांत कळायचं.

दणका म्हणजे भुताचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका चिमुकल्या कंपनीचा आवाजवाला. सहा माणसं, तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. दोन वर्षं या सहाजणांनी एकच गेम बनवला होता, ‘वॉर्ड सात’. बंद पडलेल्या हॉस्पिटलात खेळणारा टॉर्च घेऊन एकटा फिरतो आणि फिरता फिरता अकरा वेळा काहीतरी फाडकन त्याच्या अंगावर येतं. त्या प्रत्येक फाडकनचा आवाज दणक्याचा! ओला फुगा काचेवर घासून, लोखंडी खुर्ची फरशीवरून ओढून, बादलीत तोंड घालून बोंबलून त्याने ते आवाज घडवले होते. सातवी किंचाळी तर अस्सल घरगुती होती. बाथरूममध्ये झुरळ दिसल्यावर बायकोने फोडलेली, आणि बायकोला न सांगता वापरलेली.

पण कुजबुजला हे सगळं मान्य नव्हतं. कुजबुज म्हणजे गेमची गोष्ट लिहिणारी बाई. ती इतकं हळू बोलायची की तिचं ऐकायला पंखा बंद करावा लागायचा.

“भॉक करून दचकवणं वेगळं आणि घाबरवणं वेगळं,” ती म्हणाली. “दचकलेला माणूस पुढच्या क्षणी हसतो. घाबरलेला माणूस घरी जाऊन पलंगाखाली बघतो.”

“काय म्हणाली?” दणक्याने विचारलं.

“तुझे आवाज काढून टाका म्हणाली,” मॅडमनी सोपं करून सांगितलं. मॅडम म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “हे बघा, गुरुवारी सकाळी अकरा वाजता पाहुणे येतायत. गेम बाजारात नेणारा माणूस आहे तो. त्याने ‘हो’ म्हटलं तर आपण तरलो. ‘नाही’ म्हटलं तर शुक्रवारपासून आपण सहाहीजण नोकऱ्या शोधायला मोकळे. त्यांच्यासमोर एक नवखा माणूस गेम खेळेल. बोटाला ठोके मोजायचं यंत्र लावू. ठोके वाढले तर दणक्या, तुझ्या किंचाळ्या राहतील. नाही वाढले तर कुजबुज म्हणेल तसं.”

“मंजूर!” दणका गरजला.

कुजबुजही काहीतरी म्हणाली. बहुधा मंजूरच म्हणाली असावी.

बुधवारी संध्याकाळी मॅडमचा फोन आला. ठरवलेल्या नवख्या माणसाचे डोळे आले होते. दोन्ही! दणका डोक्याला हात लावून बसला. आयुष्यात कधी गेम न खेळलेला, उद्या सकाळी रिकामा असलेला माणूस एका रात्रीत आणायचा कुठून?

“आईला ने की,” बायको म्हणाली.

दणक्याने वर पाहिलं. सासूबाई चार दिवसांपासून मुक्कामाला होत्या आणि त्या वेळी सोफ्यावर बसून त्याच्या शर्टाचं बटण लावत होत्या. साठी उलटलेल्या, बारीक चणीच्या, केसांचा घट्ट अंबाडा. मोबाईलवर फोन घेण्यापलीकडे त्यांनी कशालाही हात लावलेला नव्हता. दणक्याला स्वर्ग दोन बोटं उरला! एवढीशी बाई, पहिल्याच किंचाळीला खुर्चीसकट मागे!

“पण आईंना झेपेल ना?” त्याने शहाजोगपणे विचारलं. “म्हणजे... फार भीतिदायक आहे हो.”

“परवाच सगळ्या तपासण्या झाल्यात माझ्या,” सासूबाई दोरा दाताने तोडत म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाला, हृदय पंचविशीतलं आहे. येते मी, जावईबापू. नाहीतरी सकाळी मला काय काम असतं?”

आनंदाच्या भरात दणका एक गोष्ट विसरला. म्हणजे त्याला ती माहीत होती, लग्नाआधीपासून माहीत होती, पण तिचा विचार करावा असं त्याला वाटलं नाही. सासूबाईंनी चौतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात नर्स म्हणून काढली होती.

गुरुवारी अकराला मीटिंगच्या खोलीचे पडदे ओढले गेले. पाहुणे आले. चांगले आडव्या अंगाचे, सुटाबुटातले, आणि चेहरा असा की नुकताच कोणीतरी त्यांना कडू औषध पाजलंय. “वीस वर्षं हेच बघतोय,” असं म्हणून ते सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसले. दोघांनी हेडफोन चढवले. सासूबाईंच्या बोटाला चिमटा लागला आणि भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला : एकाहत्तर.

खेळ सुरू झाला. सासूबाईंना बटणं दोन मिनिटांत जमली. अंधारा वॉर्ड, टॉर्चचा गोल उजेड, आणि लांबवर कुठेतरी एका रुग्णाच्या मॉनिटरची बीप... बीप... बीप.

“या खाटांमध्ये अंतर फार कमी ठेवलंय,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, आता बघा हं,” दणका हात चोळत पुटपुटला.

धाडकन कपाट उघडलं! आतून एक हाडकुळी बाहुली कानठळ्या बसवत अंगावर आली!

“औषधांचं कपाट असं उघडं टाकतात का?” सासूबाई म्हणाल्या.

एकाहत्तर.

कोपऱ्यातून रक्ताने माखलेला हात झेपावला! बादलीतली बोंब!

“चार टाके पडतील याला,” सासूबाईंनी निदान केलं. “पाच म्हणा.”

एकाहत्तर.

खाटेवरचं प्रेत खाडकन उठून बसलं!

“चला, शुद्धीवर आला बिचारा.”

दणक्याच्या कपाळावर घाम डवरला. मॅडम नखं खायला लागल्या. कुजबुज मात्र त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होती की तिने सरळ दात काढले असते तर बरं वाटलं असतं. सातव्या वळणावर फाटक्या तोंडाची भुताटकी नर्स अगदी कॅमेऱ्याला नाक लावून किंचाळली. स्वतःच्या पोटच्या पोरीचा आवाज! आता तरी?

“हळू गं बाई,” सासूबाई तिला दटावत म्हणाल्या, “पेशंट झोपलेत.”

सत्तर! भूत तोंडासमोर येऊन किंचाळलं आणि सासूबाईंचा एक ठोका कमी झाला!

त्याहून भयंकर गोष्ट दणक्याला मग दिसली. शेजारच्या खुर्चीत पाहुण्यांची मान मागे पडली होती, तोंड उघडं होतं आणि डोळे मिटलेले होते. पाहुणे झोपले होते! कानात त्याची दोन वर्षांची मेहनत किंचाळत असताना चक्क झोपले होते!

दणक्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला. आठवी आणि नववीही वाया गेल्या. दहावी आणि अकरावी, दोनच किंचाळ्या शिल्लक. काहीतरी करायला हवं. आवाज वाढवायचा! होता नव्हता तेवढा वाढवायचा! तो गुडघ्यांवर बसला, टेबलाखाली शिरला आणि अंधारात आवाजाच्या पेटीचं बटण चाचपडू लागला. टेबलाखाली वायरींचं जाळं होतं. एकीत त्याचा पाय अडकला. पाय सोडवायला त्याने हिसका दिला आणि आवाजाची मुख्य पिन फट्दिशी निघून आली.

बीप... बीप... आणि पुढे काही नाही.

हेडफोनमध्ये एकदम शांतता पसरली. वॉर्ड सातमधला मॉनिटर थांबला.

सासूबाई ताठ झाल्या. आकडा नव्वदवर गेला. एकशे दहा. एकशे चौतीस!

“कोणाचा बंद पडला?” सासूबाई अशा आवाजात ओरडल्या की खिडकीची काच थरथरली. हेडफोन भिरकावून त्या उठल्या, गर्रकन वळल्या, आणि पडद्याच्या निळसर उजेडात त्यांना दिसला एक माणूस. मान टाकलेला, तोंड उघडं, चेहरा पांढराफटक!

पुढचं सगळं चार सेकंदांत झालं. पाहुण्यांचा टाय सुटला, कॉलर उघडली, खुर्ची मागे गेली आणि तो आडवा देह हलकेच फरशीवर उतरला. बारीक चणीच्या सासूबाईंनी तो कसा उतरवला हे आजही कोणाला सांगता येत नाही. सासूबाई एक हात त्यांच्या छातीवर आणि दुसरा नाडीवर ठेवून गुडघ्यांवर बसल्या होत्या.

“डॉक्टरला बोलवा! उभे काय राहिलात?”

पाहुण्यांनी डोळे उघडले. चार इंचांवर अनोळखी बाईचा चेहरा. त्यांनी जी किंचाळी फोडली, तिच्यापुढे दणक्याच्या अकराही किंचाळ्या म्हणजे अंगाईगीत! ती ऐकून मॅडम किंचाळल्या. कुजबुज खुर्चीवर चढून किंचाळली, आणि तिला आवाज आहे हे ऑफिसला पहिल्यांदा कळलं. दणका टेबलाखालून उठायला गेला आणि टेबलाला डोकं आपटून पुन्हा खाली बसला.

“जिवंत आहेत,” सासूबाईंनी नाडी सोडत जाहीर केलं. “नुसती झोप होती.” मग भानावर येऊन त्यांनी पदर सारखा केला. “अगं बाई! माफ करा हो. ते मशीन बोलायचं थांबलं ना... चौतीस वर्षांची सवय. मशीन वाजतंय तोवर आम्हाला काही वाटत नाही. वाजायचं थांबलं की पोटात गोळा येतो.”

पाहुणे फरशीवरच बसून होते. टाय एका कानावर. दणक्याला मनातल्या मनात सहा राजीनामे दिसू लागले.

“परत लावा,” पाहुणे म्हणाले.

“काय, साहेब?”

“ते. बीप थांबते ते. मी खेळतो.”

दणक्याने पिन परत लावली. पाहुणे सासूबाईंच्या खुर्चीत बसले, चिमटा स्वतःच्या बोटाला लावला आणि वॉर्डात शिरले. बीप... बीप... दणक्याने टेबलाखालून पिन ओढली.

शांतता.

पाहुणे थांबले. टॉर्च इकडे फिरवला, तिकडे फिरवला. काहीच आलं नाही. पाच सेकंद. दहा सेकंद. पाहुण्यांच्या मानेवरून घामाचा थेंब ओघळला. “येतंय ना काहीतरी?” त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. पंधरा सेकंद. आकडा एकशे अठरा. वीस सेकंद...

टक् टक्!

दार उघडलं. दारात पांढरा मास्क, रबरी हातमोजे आणि हातात चिमटा घेतलेली एक आकृती!

पाहुणे खुर्चीसकट उडाले. छताला चिकटले नाहीत, पण प्रयत्नात कसूर नव्हती. भिंतीवर आकडा झळकला : एकशे एकावन्न!

“वर कोणी पडलं का?” खालच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “माझा पेशंट तोंड मिटायला तयार नाही आणि उघडायलाही.”

पाहुणे जमिनीवर पडल्या पडल्या हसू लागले. इतके हसले की कडू औषध प्यायलेला चेहरा कुठल्या कुठे गेला. “वीस वर्षांनी!” ते डोळे पुसत म्हणाले. “वीस वर्षांनी कोणीतरी घाबरवलं मला! अकरा वेळा ओरडलात तर माणूस झोपतो. आधी असं वाट बघायला लावा, मग नुसतं दार वाजलं तरी पुरे! घेतला तुमचा गेम! ही शांततेची कल्पना कोणाची?”

मॅडमनी दणक्याकडे पाहिलं. कुजबुजने दणक्याकडे पाहिलं. दणका टेबलाखालून रांगत बाहेर आला, डोक्यावरच्या टेंगळावर हात ठेवून उभा राहिला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, “माझी, साहेब.”

“त्याचीच,” कुजबुज म्हणाली. आणि या खेपेस पंखा चालू असूनही सगळ्यांना ऐकू आलं.

त्या दुपारी ऑफिसात नुसता जल्लोष झाला. मॅडम टेबलावर उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचे दात बघून दिले. अकरा किंचाळ्यांपैकी नऊ दणक्याने स्वतःच्या हाताने पुसल्या आणि दोन ठेवल्या, दोन्हींच्या आधी लांबलचक शांतता. बायकोची सातवी राहिली. पाहुण्यांनी एकच अट घातली होती : गेममधलं सगळं हॉस्पिटल त्या बाईंनी तपासून द्यायचं. त्यामुळे सोमवारी दणक्याच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल लागलं आणि त्यावर पाटी आली : ‘वैद्यकीय सल्लागार’. सासूबाई डबा घेऊन वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर!

दणका आता बदलला होता. कोणी दार आपटलं तर तो तोंडावर बोट ठेवायचा. दोन दिवस खपून त्याने अस्सल शांतता ध्वनिमुद्रित केली. पंखा बंद, फ्रीज बंद, घड्याळाचे सेल काढलेले, घरात एकटा तो, आणि तोही यंत्र चालू करून जिन्यात जाऊन बसलेला. ती शांतता त्याने मोठ्या ऐटीत सासूबाईंना ऐकवली.

सासूबाईंनी हेडफोन कानावर दाबला. डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“जावईबापू,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “खोलीत कोणी नव्हतं ना?”

“कोणीच नव्हतं! का?”

सासूबाईंनी हेडफोन काढला आणि त्याच्या खांद्याच्या मागे, भिंतीकडे, टक लावून पाहिलं.

“मग यात श्वास कोण घेतंय?”

दणका जागच्या जागी फूटभर उडाला! डावीकडे कप गेला, उजवीकडे कीबोर्ड गेला, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून पलीकडच्या खोलीतून कुजबुज धावत आली.

सासूबाईंनी शांतपणे डब्याचं झाकण उघडलं.

“कोणी नाही हो,” त्या म्हणाल्या. “मला जमतंय का, ते बघत होते.”