अठ्ठावीस गोळ्या

शनिवारचा अर्धा दिवस भरून जगनराव वागळे इस्टेटहून ठाकुर्लीला घरी आले, जेवले, आणि शालनताई भांडी आवरताहेत असं बघून दबक्या पावलांनी चपलांच्या रॅककडे गेले. रॅकच्या सगळ्यात खालच्या खणात कंपनीतल्या सेफ्टी शूजचा एक जुना जोड होता. त्यांनी उजव्या बुटात हात घातला. बूट रिकामा होता. डाव्यात घातला. तोही रिकामा होता. मग दोन्ही बूट उलटे करून झटकले, तेव्हा एक मेलेलं झुरळ तेवढं पडलं आणि जगनरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या बुटात बारा गोळ्या होत्या. एकूण अठ्ठावीसांतल्या सोळा त्यांनी रोज जेवणानंतर एक अशा निमूटपणे गिळल्या होत्या आणि उरलेल्या बारा गिळणं फार गरजेचं होतं. पुरुषांच्या मूत्राशयाखाली सुपारीहून थोडी मोठी एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात, आणि तिला जंतूंमुळे सूज आली की माणसाला ना धड बसता येतं ना धड लघवीला जाता येतं, हे सगळं ज्ञान जगनरावांना वयाच्या छपन्नाव्या वर्षी झालं होतं. तेही एका बाईकडून. कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून त्यांनी मुद्दाम ठाण्याचं हॉस्पिटल गाठलं, तर तिथे या खात्याच्या डॉक्टर निघाल्या आसावरी मॅडम.

पहिल्या खेपेला सातव्या दिवशी बरं वाटलं म्हणून जगनरावांनी गोळ्या सोडल्या. महिनाभरात दुखणं परत आलं, आणि या वेळी थंडीताप घेऊन आलं. मॅडमनी तेव्हा चांगलंच सुनावलं होतं. "ही अँटिबायोटिक आहे, खोकल्याची गोळी नाही. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. मध्ये सोडलीत तर उरलेले जंतू असे निर्ढावतील की पुढच्या वेळी माझ्याकडे द्यायला औषध नसेल." तो थंडीताप जगनराव विसरले नव्हते. पण घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. शालनताईंना सांगितलं की तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सांगितल्यासारखं होतं, आणि हे दुखणं जिन्यात चर्चा करण्यासारखं नव्हतं. म्हणून चिठ्ठीसुद्धा त्यांनी फाडून टाकली होती.

"अगं," ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, "माझ्या जुन्या बुटात काही होतं का?"

"होतं ना! गोळ्या होत्या. बुटात गोळ्या ठेवतं का कोणी? कंपनीतून फुकट मिळालेल्या का?"

"हो. म्हणजे... कंपनीतल्याच."

"तेच म्हटलं मी. दोन वर्षं एक्स्पायरी बाकी आणि नुसत्या पडून! वाटल्या सकाळीच."

"वाटल्या?"

शालनताईंनी हात पुसले. लग्नाआधी त्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीत मदतनीस होत्या, आणि तेवढ्या शिदोरीवर गेली वीस वर्षं त्या अख्ख्या सोसायटीच्या डॉक्टर होत्या. घराघरांत उरलेली औषधं त्यांच्याकडे जमा होत आणि कात्रीने कापून गरजूंना वाटली जात. फी काही नाही, पण मान मोठा. दुसऱ्या मजल्यावरच्या कलावतीवहिनी कुठलंही औषध घेण्याआधी त्यांना विचारत. फॅमिली डॉक्टरने दिलेलंसुद्धा.

"कलावतीवहिनींना खोकला झालाय, त्यांना पाच. आवडाबाईंचा गुडघा, चार. सेक्रेटरी दौलतरावांची दाढ, तीन. चांगल्या पॉवरच्या दिसल्या म्हणून जरा सढळ हाताने दिल्या."

जगनरावांनी गॅलरीत जाऊन हळूच हॉस्पिटलला फोन लावला. मॅडम परगावी होत्या, सोमवारी येणार होत्या. ठाण्याच्या ज्या मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतल्या तो चिठ्ठीशिवाय देणार नव्हता, आणि बिल्डिंगखालच्या मेडिकलवाल्याला विचारणं म्हणजे सोसायटीच्या फलकावर लिहिण्यासारखं होतं. म्हणजे आजची एक आणि उद्याची एक, निदान दोन गोळ्या तरी बिल्डिंगमधूनच परत मिळवायला हव्या होत्या. जगनरावांनी शर्टाची बटणं लावली आणि ते दुसऱ्या मजल्यावर गेले.

"वहिनी, त्या सकाळच्या गोळ्या जरा परत द्या."

"का हो?" कलावतीवहिनींनी विचारलं.

इथे खरं बोलायचं नव्हतं आणि खोटं काही ठरवून आणलं नव्हतं. "एक्स्पायर झाल्यात," जगनराव म्हणाले.

कलावतीवहिनींनी छातीला हात लावला. "अगं बाई! मी एक घेतली ना! अहो! अहो, ऐकलंत का, मी विष खाल्लं!"

त्यांचे यजमान महिपतराव लुंगी सावरत बाहेर आले. वहिनी मिठाचं पाणी करायला धावल्या. त्या गडबडीत टेबलावरचा चार गोळ्यांचा तुकडा उचलून जगनरावांनी काढता पाय घेतला. जिन्याच्या वळणावर कुणी नाही असं बघून त्यांनी एक गोळी फोडली, तोंडात टाकली आणि पाण्याशिवायच गिळली. सतरा! वर बघतात तो सेक्रेटरी दौलतराव गाल धरून पायरीवर उभे.

"दाढेला लावायला लवंग आणायला चाललोय," दौलतराव म्हणाले आणि जगनरावांच्या हातातल्या पट्टीकडे बघत राहिले.

जगनराव तसेच खाली पहिल्या मजल्यावर आवडाबाईंकडे गेले. आवडाबाई तिथल्या जुन्या गावच्या. त्यांच्या शेतावरच ही बिल्डिंग उभी होती, त्यामुळे कुणाचं काही ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"गोल्या देनार नाय," त्या दारातच पाय पसरून बसल्या. "येक खाल्ली नि गुडगा कसा मोकला झाला. शालनच्या हाताला गुन हाय."

"आवडामावशी, त्या एक्स्पायर झाल्यात."

"मंग? मीपन येक्स्पायरच झालेली हाय. बसंल आमचं झ्याक."

जगनराव हात हलवत वर आले, तोवर मोबाइलवर सोसायटीचा ग्रुप पेटला होता. कलावतीवहिनींनी लिहिलं होतं, 'शालनताईंनी मुदत संपलेल्या गोळ्या वाटल्या आहेत, कोणीही खाऊ नये, मला उलट्या होत आहेत.' उलट्या मिठाच्या पाण्याने होत होत्या, पण तसं कुणी लिहीत नाही. चौथ्या मजल्यावरच्या एकाने मागच्या पावसाळ्यातल्या आपल्या जुलाबांचा संबंध लावला. कुणी तरी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. शेवटी दौलतरावांनी सेक्रेटरी या नात्याने लिहिलं, 'विषय गंभीर आहे. सहा वाजता गच्चीवर यावे. गोळ्या सोबत आणाव्यात.'

शालनताई मोबाइल हातात धरून सोफ्यावर बसल्या होत्या. रागावतील, भांडतील असं जगनरावांना वाटलं होतं. पण त्या रडत होत्या.

"मी तारीख बघितलेली," त्या म्हणाल्या. "चष्मा लावून बघितलेली. वीस वर्षांत एकाला तरी माझ्या हातून जुनं औषध गेलंय का? आणि तुम्ही घरोघर जाऊन सांगून आलात? मला विचारलंपण नाहीत?"

जगनरावांनी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवला.

सहा वाजता गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ सगळी सोसायटी जमली. आवडाबाईंना दोघांनी धरून चार जिने चढवून आणलं होतं, त्यामुळे गुडघा पुन्हा दुखू लागला होता आणि त्याचा दोषही शालनताईंकडे जमा झाला. शालनताई कठड्याला टेकून एकट्या उभ्या होत्या. रोज ज्यांच्या भोवती बायकांचा गराडा असायचा, त्यांच्या आजूबाजूला आज कुणी नव्हतं.

महिपतरावांची सून रसिका कल्याणला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट होती. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिने सगळे तुकडे मागितले. जगनरावांनी खिशातला तुकडा नाइलाजाने पुढे केला. आवडाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. दौलतरावांच्या तीनही गोळ्या शाबूत होत्या, कारण त्यांचा लवंगेवर जास्त विश्वास होता. रसिकाने खाली बसून कापलेल्या कडा एकमेकींना जुळवल्या, आणि पट्टीवरचं अर्धंअर्धं नाव आणि तारीख पुरी झाली.

"एक्स्पायर कुठे? अजून दोन वर्षं आहेत," ती म्हणाली. "शालनकाकींनी तारीख बरोबर बघितली होती."

"मग?" दौलतरावांनी गाल सोडला. "मग जगनराव एक्स्पायर का म्हणाले? आणि एक्स्पायर म्हणून परत घेतलेली गोळी त्यांनी जिन्यात स्वतः का गिळली? मी ह्या डोळ्यांनी बघितलंय!"

सगळी गच्ची जगनरावांकडे वळली. रसिकाने पुन्हा एकदा पट्टी बघितली, मग जगनरावांकडे बघितलं, आणि तिला बहुधा सगळं कळलं. पोरगी गुणी होती. "बऱ्याच गोष्टींसाठी देतात ही," ती पटकन म्हणाली. "सायनस असेल काकांना. हो ना काका?"

सुटकेचं दार सताड उघडं होतं. 'हो, सायनस' एवढंच म्हटलं असतं तर भागलं असतं. पण जगनरावांना कठड्याशी उभ्या असलेल्या शालनताई दिसल्या. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि नवरा अजून एक खोटं बोलणार हे त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखं ते बघणं होतं. जगनरावांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. दुखण्याची नव्हे, लपवल्याची.

"सायनस नाही," ते मोठ्याने म्हणाले. "गोळ्या माझ्या आहेत. प्रोस्टेटला सूज आहे. लघवीला आग होते, बसलं की दुखतं, पँटला थेंब पडतात. ठाण्याला डॉक्टरांकडे जातो. घरात सांगायची लाज वाटली म्हणून बुटात लपवल्या. ह्यात शालनची एक पैची चूक नाही. खोटारडा मी आहे. कुणाला काय म्हणायचं असेल ते मला म्हणा."

पहिला कंठ आवडाबाईंना फुटला.

"म्हंजे मी बाप्याची गोली खाल्ली? आता मना मिशा येतील का रं?"

जी हास्याची लाट उठली ती शेजारच्या बिल्डिंगपर्यंत गेली. कलावतीवहिनी तर खोकला विसरून हसत सुटल्या. रसिकाने आवडाबाईंना समजावलं, की गोळी जंतूंवर असते, तिला बाई आणि बाप्या कळत नाही, आणि एका गोळीने मिशा येत नाहीत. पण मग ती शालनताईंकडे वळली आणि हसू आवरून म्हणाली, "काकी, तारीख बरोबर होती, पण वाटणं बरोबर नव्हतं. गुडघ्याला आणि दाढेला अँटिबायोटिक अशी द्यायची नसते. आमच्या आईंच्या खोकल्यालापण नाही. ज्याला लिहून दिली त्यानेच, सांगितली तेवढीच घ्यायची."

शालनताईंनी मान खाली घातली, मग वर केली. "बरोबर आहे तुझं. आजपासून गोळ्या वाटणं बंद. चुकलं माझं." एवढं त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं होतं. मग त्यांनी रसिकाकडून उरलेल्या गोळ्या मागून घेतल्या, सरळ जगनरावांजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांतली एकही कुणाला दिसू नये अशी मूठ आवळून म्हणाल्या, "आता ह्या मी सांभाळणार."

हिशेब केला तर बारांतल्या तीन गोळ्या खर्ची पडल्या होत्या, एक वहिनींच्या, एक आवडाबाईंच्या आणि एक जगनरावांच्या पोटात. म्हणजे हातात नऊच होत्या. पण सोमवारपर्यंतची सोय झाली होती.

सभा संपली, बायका खाली उतरल्या. महिपतराव मात्र टाकीमागे रेंगाळत राहिले. सगळे गेल्यावर ते जगनरावांच्या कानाशी आले. "कुठे बसतात त्या डॉक्टर?"

"का हो?"

"नाही, सहज. माझा एक मित्र आहे."

"मित्र कसला!" जिन्यातून कलावतीवहिनींचा आवाज आला. "चार-चार वेळा उठतो तो मित्र, मला झोप नाही! अहो शालनताई, नंबर द्या ना त्या डॉक्टरांचा!"

मग दौलतराव आले. त्यांचाही एक मित्र निघाला. रविवारी दुपारपर्यंत सोसायटीतल्या सात पुरुषांचे सात मित्र निघाले, आणि त्यांच्या बायका शालनताईंच्या दारात रांगेने उभ्या राहिल्या. शालनताईंनी एकीलाही गोळी दिली नाही. प्रत्येकीला डॉक्टरांचा पत्ता दिला आणि बजावलं, "ह्यांना लाजू देऊ नका. हात धरून न्या."

सोमवारी मॅडमनी कमी पडलेल्या दोन गोळ्या लिहून दिल्या. जगनरावांनी अठराव्या, एकोणिसाव्या, विसाव्या गोळीला शालनताईंच्या हातून पाणी घेतलं. अठ्ठाविसावी तर त्यांनी महिपतराव आणि दौलतराव यांच्या समोर घेतली आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने तपासणीसाठी ते पुन्हा ठाण्याला गेले, तेव्हा शालनताई सोबत होत्या. रिपोर्ट स्वच्छ होता. जंतूंचा मागमूस नव्हता.

"शाब्बास," आसावरी मॅडम म्हणाल्या. "कोर्स पुरा करणारे फार थोडे असतात. आता एक सांगा, तुम्ही ठाकुर्लीचे ना? पंधरा दिवसांत तिकडून माझ्याकडे अकरा पेशंट आलेत. निम्म्यांना तर अँटिबायोटिकची गरजच नव्हती, दुसरा त्रास होता, पण सगळे वेळेवर आले. एरवी पुरुष अगदी अडल्याशिवाय येत नाहीत. विचारलं की प्रत्येक जण म्हणतो, शालनताईंनी पाठवलं. कुठे प्रॅक्टिस करतात ह्या डॉक्टर शालन? मला भेटायचंय त्यांना."

शालनताईंनी गडबडीने पदर सारखा केला. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर डझनभर पुरुष वर्तमानपत्रात तोंडं खुपसून बसले होते. जगनराव उठून उभे राहिले आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "डॉक्टर नाहीत मॅडम, ही माझी बायको आहे. आणि तिचा पहिला पेशंट मी!"